नव्या उजेडातला बेदाणा

तासगावात जीनत नदाफला सगळे जीनतचाची म्हणतात. चाची कशावरही पटकन विश्वास ठेवत नाही, हे तिच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुधाचा थेंब नखावर सोडून बघितल्याशिवाय ती पातेलं पुढं करत नाही. एस.टी.च्या पाटीवर ठळक ‘सांगली’ लिहिलेलं असलं तरी कंडक्टरला विचारते, आणि तो ‘व्हय’ म्हणाला तरी शेजारच्या बाईला एकदा विचारतेच.

हा स्वभाव माहेरचा. तिचे वडील पीरमहंमद आष्ट्यात गाद्या भरायचे. गिऱ्हाईक कापसाचं गाठोडं टाकून म्हणायचं, सगळा नवा हाय. वडील काही न बोलता गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायचे आणि तळातला जुना, पिवळा पडलेला कापूस वर काढून ठेवायचे. “वरचं दाखवायला आसतंय, पोरी,” एवढंच म्हणायचे. पोरगी शेजारी बसून बघायची. पुढं लग्न होऊन ती तासगावात आली, नवरा ट्रॅक्टरच्या गॅरेजात होता, तो लवकर गेला, आणि लहानग्या मुलाला, अजहरला, पदराशी घेऊन ती बेदाण्याच्या शेडवर कामाला लागली. वडिलांचा तो हात तिच्या डोळ्यांत उतरला असावा.

शेड विष्णुपंतांनी उभं केलेलं. ते सांगलीचे. आता त्यांचा मुलगा देवदत्त बघतो. वाळून आलेला बेदाणा मशीनमधून साफ होऊन रबरी पट्ट्यावर येतो आणि पट्ट्याच्या दोन्ही अंगाला बाया बसतात. काडी काढायची, काळा मणी काढायचा, तांबूस पडलेला मणी काढायचा. हिरवा तेवढा पुढं जाऊ द्यायचा. हिरव्याला भाव. हिरव्यात चार तांबूस मणी दिसले की व्यापाऱ्याचं नाक वाकडं झालंच. एकतीस वर्षांत चाचीच्या हाताखालून गेलेली एकही पेटी परत आली नव्हती. गेली चौदा वर्षं ती पट्ट्यावरच्या नऊ बायांची मुकादम होती, आणि तिची सून रुमाना त्या नऊजणींतली एक.

दोन वर्षांपूर्वी मार्चात, ऐन हंगामात, शेडवर एक छोटा टेम्पो येऊन थांबला. त्यातून राजवर्धन उतरला. लोणंदचा पोरगा, डिप्लोमा करून एलईडी दिव्यांचा धंदा टाकलेला, बोलायला गोड. दोन दिवसांत त्यानं पट्ट्यावरची पिवळ्या बल्बांची ओळ उतरवली, भिंतीवरच्या ट्यूबा काढल्या आणि पांढऱ्याशुभ्र पट्ट्यांचे दिवे लावले. बटण दाबल्यावर शेड असं काही उजळलं की बायांनी तोंडाला पदर लावला.

“आगं बाई, दुपारच झाली की!”

“आन् डोक्यावर गरम लागत न्हाई बघ.”

खरंच लागत नव्हतं. जुन्या बल्बांखाली बसून संध्याकाळपर्यंत टाळू तापायची. देवदत्त खुशीत होता. “चाची, विजेचं बिल निम्म्याच्या खाली येणार. आणि उजेड दुप्पट!”

चाची दिव्याकडं बघत राहिली. मग तिनं हात वर करून दिव्याच्या जवळ नेला. कोमट सुद्धा नव्हता.

“जाळ न्हाई तिथं उजीड कशाचा ओ मालक?” ती म्हणाली. “आन् निम्म्या विजेत दुप्पट उजीड कोण देतंय? बाकीचं निम्मं कुठनं आणत्यात?”

सगळे हसले. राजवर्धनही हसला. चाची हसली नाही. घरीही तिचं हेच चाललं होतं. अजहरनं वर्षापूर्वी घरातले सगळे बल्ब बदलले होते. स्वयंपाकघरातला मात्र तिनं बदलू दिला नव्हता. तांदळातला खडा मला याच उजेडात दिसतो, म्हणायची. अजहरला वाटायचं, म्हातारपणाचा हट्ट.

पहिल्या दिवसापासून तिला पट्ट्यावर काहीतरी खटकत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं. माल छान दिसत होता. जास्तच छान दिसत होता. शेतकऱ्याशेतकऱ्याच्या मालात फरक असतो, एकाचा पोपटी, एकाचा जरा मळकट. या उजेडात सगळे सख्खे भाऊ दिसायला लागले होते. “माल एवढा चांगला कधीपासून यायला लागला?” असं तिनं देवदत्तला एकदा विचारलं. तो म्हणाला, “चाची, चांगल्यावर पण संशय?”

तिसऱ्या आठवड्यात पेटी परत आली.

सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं ती सौद्याच्या लिलावातून उचलली होती. त्यानं दुकानाच्या दारात, उन्हात पेटी उघडली आणि तशीच परत धाडली. देवदत्तनं चाचीला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पेपर पसरून बेदाणा ओतला होता. खिडकीतून ऊन येत होतं. हिरव्यात तांबूस मणी असे दिसत होते, जशा पांढऱ्या चादरीवर मुंग्या.

“हे आपल्याकडून गेलंय,” देवदत्त म्हणाला.

 पेटीवर चाचीच्याच पाळीची खूण होती. नाकारायला जागा नव्हती.

“माज्या हातानं असं जायाचं न्हाई, मालक.”

“गेलंय तर खरं.”  तो नजर चुकवत म्हणाला, “डोळे कधी तपासले होते तुम्ही? रागावू नका. सांगलीला दाखवून या एकदा. पगारी सुट्टी घ्या.”

तेवढ्यात चाचीचं लक्ष टेबलाच्या कडेला गेलं. एक रंगीत पुस्तिका होती. वर मोठ्या यंत्राचं चित्र. रंग बघून आपोआप दाणे वेगळे करणारं ते यंत्र दुसऱ्या शेडवर आल्याचं तिनं ऐकलं होतं.  असं हाय तर! आधी दिवं, मग डोळं, मग यंत्र. म्हातारीला घरी बसवायची ही तऱ्हा. तिनं पदर सावरला आणि ती बाहेर आली. त्या दिवसापासून देवदत्त “चाची, चहा घ्या” म्हणाला तरी ती विचार करायची, आज चहा कशाबद्दल?

तरी ती सांगलीला गेली. रुमाना सोबत होती. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकून तासभर बसवलं, मग यंत्राला हनुवटी टेकवायला लावून एकेक डोळा तपासला. रुमाना बाहेर बाकावर होती. डॉक्टर म्हणाले, “डाव्या डोळ्यात मोतीबिंदू सुरू झालाय, मावशी. उजवा चांगला आहे. घाई नाही, पण सहा महिन्यांत करून टाका.”

चाचीनं कागद घेतला, चार घड्या घालून पिशवीच्या आतल्या कप्प्यात सारला. बाहेर आल्यावर रुमानानं विचारलं, “काय म्हणाले, अम्मी?”

“चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणं. दुसरं काय सांगणार हाईत?”

एस.टी.त ती खिडकीला डोकं टेकून बसली. जो जाईल त्याला मोतीबिंदूच सांगत असतील, त्यांचा धंदा हाय त्यो, असं तिनं मनाला सांगितलं. पण कागद पिशवीत होता आणि पिशवी मांडीवर होती. तासगाव येईपर्यंत तिनं तीनदा डावा डोळा झाकून बघितला, तीनदा उजवा. रस्त्याकडेच्या द्राक्षबागा दोन्ही डोळ्यांनी दिसत होत्या. डाव्यानं जरा पिवळसर. ऊनच तसं असेल, ती म्हणाली स्वतःशी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाया डबे घेऊन लिंबाखाली गेल्या. चाची मागं राहिली. तयार मालातनं तिनं दोन मुठी बेदाणा ओच्यात घेतला आणि शेडच्या दारात, भर उन्हात जाऊन बसली. एक एक मणी तळहातावर घेऊन बघू लागली. तांबूस! आणखी एक तांबूस. असे सात निघाले. हे तर तिनं सकाळी स्वतः पास केले होते. ते सात मणी तिनं रुमालात बांधले आणि आत जाऊन पट्ट्यावरच्या दिव्याखाली रुमाल सोडला.

मण्यांतला तांबूसपणा गेला होता. राखेच्या रंगाचे, हिरव्यात सहज खपून जातील असे सात मणी तिच्यासमोर पडले होते. ती पुन्हा बाहेर गेली. पुन्हा तांबूस. असं तिनं पाच वेळा केलं. दारातला वॉचमन बघत होता. त्याला वाटलं, चाचीचं काहीतरी हरवलंय.

पण ती लगेच ओरडत सुटली नाही. हा डोळा खोटा की दिवा खोटा, हे अजून ठरलं नव्हतं. तिनं ताटलीभर बेदाणा घेऊन रुमानाला हाक मारली. रुमाना सव्वीस वर्षांची, अंधुक उजेडात सुईत दोरा ओवणारी.

“ह्यातलं तांबूस येगळं काढ.”

रुमानानं ताटली निवडली. चाचीनं ती उन्हात नेली. सुनेच्या हिरव्यातही नऊ तांबूस निघाले. मग तिनं आणखी दोघींना बसवलं. त्यांच्याकडूनही तसंच झालं. तेव्हा कुठं चाचीला जरा हायसं वाटलं आणि राग वर आला.

ती ताटली घेऊन थेट ऑफिसात शिरली.

“मालक, तुमचा दिवा खोटं बोलतोय.”

देवदत्तनं कपाळाला हात लावला. “चाची, सगळं जग हे दिवे लावतंय.”

“जगात बेदाना निवडत्यात व्हय?”

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून ते दिवे आवडले नाहीत. डोळ्यांचं काय निघालं ते आधी सांगा.”

हा घाव वर्मी बसला.  चाची म्हणाली, “माजं र्‍हाऊ द्या. तुमचं डोळं तर चांगलं हाईत न्हवं? या, बसा पट्ट्यावर.”

मालकाला पट्ट्यावर बसलेला बायांनी कधी बघितला नव्हता. कामं थांबली. देवदत्त शर्टाच्या बाह्या दुमडून बसला आणि अर्धा तास मान खाली घालून एक ताटली त्यानं निवडली. कुठंही तांबूस राहू नये म्हणून दोनदा बघितली. चाचीनं ताटली दारात नेली. तो मागोमाग आला. उन्हात ताटलीकडं बघून त्याचा चेहरा उतरला. चाचीनं एकेक मणी बोटानं बाजूला सारला. अकरा.

“फोन करतो त्याला,” देवदत्त म्हणाला. “फसवलं त्यानं आपल्याला.”

राजवर्धन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. आता दोघांनाही तो चोर वाटत होता. चाचीनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. दारात ताटली, आत ताटली, सगळं दाखवलं. तो चटकन समजला. पण मान खाली घालायच्या ऐवजी त्यानं खिशातून मोबाईल काढला.

“साहेब, रागावू नका. हे बघा. मी विचारलं होतं, दिवे कुठं लावायचेत. तुमचं उत्तर आलं, ‘गोदामात, स्वस्तातले द्या.’ मी गोदामाचे दिले.”

देवदत्तनं मोबाईल हातात घेतला, वाचला, परत दिला. “मला वाटलं, शेड म्हणजे गोदामच की,” तो पुटपुटला.

“मावशी,” राजवर्धन चाचीकडं वळला, “उजेड किती पडतोय ही एक गोष्ट, आणि त्यात रंग किती खरा दिसतोय ही दुसरी. ह्या दिव्यात तांबडा रंग कमी असतोय. पोती मोजायला चालतंय. पण तांबूस मणी त्यात काळपट दिसतोय आन् हिरव्यात खपतोय. कापडवाले, सोनार वेगळा दिवा नेतात. तोबी एलईडीच. बिल तेवढंच कमी. फक्त किंमत जरा जास्त.”

“आन् हे लावताना तुला पट्टा दिसला न्हाई?” चाचीनं विचारलं. “नऊ बाया बसलेल्या दिसल्या न्हाईत? का तवा डोळं मिटलं व्हतं?”

 राजवर्धननं कानाची पाळी धरली. “चुकलं, मावशी. दिसलं होतं. मीच पुन्हा विचारायला हवं होतं.”

तो चार दिवसांनी चार जातीचे दिवे घेऊन आला. खोक्यावर काय छापलंय ते चाचीनं वाचू दिलं नाही कुणाला. तिनं उन्हात बसून तीस तांबूस मणी मोजून हिरव्यात मिसळले आणि एकेका दिव्याखाली ताटली ठेवली. पहिल्याखाली रुमानाला एकोणीस सापडले, दुसऱ्याखाली पंचवीस. तिसऱ्याखाली तीसच्या तीस. बायांनी टाळ्या वाजवल्या. देवदत्त सगळ्यांदेखत म्हणाला, “चाची, मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. माफ करा.”

“एवढ्यात न्हाई,” चाची म्हणाली. “अजून मी कुठं बघितलंय?”

तिनं तीस मणी पुन्हा मिसळले आणि त्याच तिसऱ्या दिव्याखाली स्वतः बसली. सापडले चोवीस. दिवाच बिघडला, असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिनं चौथा लावायला सांगितला. त्याखालीही चोवीस. बाया आपापल्या जागी गेल्या होत्या, देवदत्त राजवर्धनशी तिसऱ्या दिव्याचा भाव बोलत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. चाचीनं हळूच डावा डोळा झाकला आणि ताटली पुन्हा निवडली. राहिलेले सहाही सापडले. उजवा झाकला. ताटलीभर सगळं एकच पिवळट.

 सगळ्यांवर घेतला तसा संशय तिनं या डोळ्यावर मात्र पुरा घेतला नव्हता. एस.टी.त घेतला होता, पण उन्हावर ढकलून दिला होता. आता ती गप्प राहिली असती तर कुणालाही कळलं नसतं. दिवा खोटा ठरला होता, मालकानं माफी मागितली होती, पेटी परत आली तिचं खापर फोडायला दुसरं डोकं मिळालं होतं. पिशवी खुंटीला लटकत होती. तिनं उठून आतल्या कप्प्यातला कागद काढला आणि देवदत्तच्या हातात दिला.

“दिवा खोटा व्हता, मालक. त्यात काय शंका न्हाई. पर माजा डावा डोळाबी खोटा हाय. परत आलेल्या पेटीत दिव्याचं किती आन् माजं किती, ते आता आल्लाला ठावं. तुमी मला बोललासा, ते सगळंच काय चूक न्हवतं.”

देवदत्तनं कागद उलगडून वाचला. “मग सांगितलं का नाही?”

“तुमच्या टेबलावर त्ये यंत्राचं पुस्तक व्हतं.”

“ते?” देवदत्त गोंधळला. “ते पोस्टानं येतं, चाची. सगळ्या शेडवाल्यांना येतं. पण आता घेणारच नाही असंही म्हणत नाही मी. चार वर्षांनी काय होईल, कुणी सांगावं?”

हे ऐकून चाचीला उलट बरं वाटलं. गोड बोलून तिला निर्धास्त केलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता.

रुमाना मात्र संध्याकाळपर्यंत बोलली नाही. घरी जाताना वाटेत म्हणाली, “मी बाहेर बाकावरच होते, अम्मी. मला सांगितलं असतं तर काय झालं असतं?” चाचीनं तिचा हात धरला. 

हंगाम संपल्यावर जुलैत डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली त्या दिवशी चाचीनं दवाखान्याची भिंत बघितली आणि घाबरली. भिंत निळसर दिसत होती. डॉक्टरांचा कोट निळसर, रुमानाचे दातही निळसर पांढरे. घरी येऊन तिनं अजहरला सांगितलं, “चुकीची काच बसवलीया. इचार त्यास्नी.” आठवड्यानं ती पुन्हा सांगलीला जाऊन डॉक्टरांसमोर बसली.

डॉक्टर हसले. “मावशी, भिंत आधीपासून अशीच आहे. तुम्ही कित्येक वर्षं पिवळ्या काचेतून बघत होता.”

“कित्येक म्हंजे किती?”

“चार, पाच. नक्की नाही सांगता येणार. हळूहळू होतं, कळत नाही.”

चार-पाच वर्षं! म्हणजे नवे दिवे येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या वर्षांत तिनं पास केलेला माल कुठंकुठं गेला, कुणी खाल्ला, कुणी नाक मुरडलं आणि पेटी परत धाडायचा कंटाळा करून गप्प बसलं, ते आता कळायला मार्ग नव्हता. एकही पेटी परत आली नाही, या गोष्टीचा तिला एकतीस वर्षं अभिमान होता. परतीच्या वाटेवर त्या अभिमानातलं खरं किती, याचाच ती हिशोब करत राहिली आणि तो काही जुळेना.

पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी ती देवदत्तकडं गेली आणि मुकादमी रुमानाला द्यायला सांगितली. तो नको म्हणाला. मग तिनं अट घातली: मुकादमी कुणाकडंही असो, एका डोळ्यावर पेटी जायची नाही. प्रत्येकीनं निवडलेल्यातली एक ताटली दुसरीनं बघायची. मुकादमाची सुद्धा.

शेवटी त्यानं मानलं. आता रुमाना मुकादम आहे. चाची पट्ट्यावर तिसऱ्या जागी बसते. गेल्या महिन्यात एकदा रुमानानं फेरी मारता मारता चाचीची ताटली उचलली, दिव्याखाली धरली आणि एक मणी काढून बाजूला ठेवला. पट्ट्यावर सगळ्या जणी बघत राहिल्या. चाचीनं तो मणी घेतला, उठली, दारात उन्हात जाऊन बराच वेळ बघितला.

परत येऊन बसली आणि ताटली सुनेपुढं सरकवली.

“तांबूसच हाय,” ती म्हणाली. “बाकीचं बी बघ पुन्यांदा.”